कंटिन्यूचं बटण



यंदा दशलक्षण पर्वात आमच्या बस्तीत महिला मंडळाच्या हातात मोठ्या अक्षरांत छापलेली पानं होती. चष्मा लावूनही ज्यांना पुस्तक वाचता येत नाही, त्या आमच्या वयस्कर बायकांना ती फार आवडली. "घरच्या घरी कसं केलंस गं?" असं बऱ्याच जणींनी विचारलं. "स्कॅन केलं आणि छापलं," एवढं सांगून मी विषय संपवला. खरं तर त्या पानांमागं आठवडाभराची खटपट होती, आणि त्या खटपटीत माझ्या हातून एक चूक झाली. आज दोन्ही सांगते. घरात दोन कॉम्प्युटर असतील तर ती खटपट तुमच्याही वाट्याला येईल. आणि मुलं मोठी असतील तर ती चूकही सहज होईल.

आधी घराची मांडणी सांगते. खाली सोप्यात आमचा जुना डेस्कटॉप आहे. ह्यांच्या दुकानाचे हिशेब आणि घरातले सगळे फोटो त्यावर. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. कॉम्प्युटर आणला त्या दिवशी पहिलं लॉगिन माझ्या नावानं केलं, म्हणून त्याची 'ॲडमिनिस्ट्रेटर' मी. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. वर माडीवर माझा लॅपटॉप आणि त्याला जोडलेला प्रिंटर. लेकीनं मागंच खालच्या कॉम्प्युटरवर 'घर' नावाचा एक फोल्डर करून तो शेअर केला होता. जे सगळ्यांचं, ते त्यात टाकायचं आणि माडीवरून उघडायचं. जिने चढा-उतरायला नकोत.

जुन्या लॅपटॉपवर हे छान चाललं होतं. यंदा लॅपटॉप नवा घेतला आणि सगळंच बंद पडलं. कधीकाळी विंडोजमध्ये 'होमग्रुप' नावाची सोय होती. एक पासवर्ड टाकला की घरातले कॉम्प्युटर एकमेकांना ओळखायचे. 2018 मध्ये ती विंडोज 10मधून काढली गेली. आता कोणाला काय उघडू द्यायचं, ते एकेक करून सांगावं लागतं.

आणि मला नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाईंच्या वह्या हव्या होत्या.

सासूबाईंच्या तीन वह्या आहेत. त्यांच्या आईकडून ऐकलेल्या आरत्या, पूजेची गाणी, व्रतांच्या कहाण्या, कुठल्या तिथीला काय करायचं त्याच्या नोंदी, मधेच कानडी शब्द, मधेच कुणाच्या तरी बारशाचा खर्च. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर टपोरं, मोत्यासारखं. मे महिन्यात लेकीनं खालच्या कॉम्प्युटरवर बसून पान न् पान स्कॅन केलं. तिसऱ्या वहीत दहा दिवसांच्या दहा धर्मांची गाणी आहेत. ती मोठी करून छापायची आणि मंडळात वाटायची, असं मी कबूल करून बसले होते.

पर्व शुक्रवारी सुरू होणार होतं. लेक सोमवारी सकाळीच ऑडिटसाठी एका साखर कारखान्यावर गेली, ती रविवारी परत येणार. जाताना म्हणाली, "आई, आल्यावर मी सगळं नीट करून देते. त्याआधी लागलं तर रात्री फोन कर, मी सांगते."

रात्री फोन कर, असं ती म्हणाली होती. हेही लक्षात ठेवा.

सोमवारी दुपारी मी लॅपटॉप उघडून बसले. 'नेटवर्क'वर क्लिक केलं तर खालचा कॉम्प्युटर दिसेचना. इचलकरंजीच्या माझ्या नणंदेच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, आधी बघा, दोन्ही एकाच वायफायवर आहेत का?" बघितलं तर माझा लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर! पुतण्याच्या लग्नात घर भरलं होतं, तेव्हा राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि सोपा पासवर्ड केला होता. नवा लॅपटॉप आल्यावर तोच सोपा पासवर्ड मी टाकला. पाहुण्यांच्या वायफायवरून इंटरनेट मिळतं, पण घरातले बाकीचे कॉम्प्युटर सहसा दिसत नाहीत. ते तसंच असावं म्हणून तर ते वेगळं असतं. पाहुण्याला आपण सोप्यात बसवतो, चहा देतो, माजघरातलं कपाट उघडून देत नाही.

घरच्या वायफायवर आले, तरी दिसेना. मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. नवं नेटवर्क जोडलं की विंडोज त्याला 'पब्लिक' समजतं, म्हणजे आपण बसस्टँडवर बसलोय असं धरून चालतं आणि कॉम्प्युटर लपवून ठेवतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन ते 'प्रायव्हेट' करायचं, आणि शेअरिंगच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन चालू करायची. खाली जाऊन डेस्कटॉपवर बघितलं, तिथंही राउटर बदलल्यापासून 'पब्लिक'च होतं. दोन्हीकडं बदललं आणि खालचा कॉम्प्युटर वरती दिसायला लागला. मला लहान मुलीसारखा आनंद झाला.

मंगळवारी पुढची पायरी. क्लिक केलं तर नाव आणि पासवर्ड मागायला लागला. मी माझ्या लॉगिनचा चार आकडी पिन टाकला. चूक. परत टाकला. परत चूक. भाच्यानं समजावलं की पिन हा फक्त त्याच कॉम्प्युटरसमोर बसून उघडण्यासाठी असतो. दुसरीकडून येताना त्या लॉगिनचा खरा पासवर्ड लागतो. आणि माझ्या खालच्या लॉगिनला पासवर्डच नसता, तर? तरीही आत घेतलं नसतं. बिनपासवर्डाच्या लॉगिनला विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही.

त्यानं सुचवलेला उपाय मला आवडला. खालच्या कॉम्प्युटरवर एक वेगळं, साधं लॉगिन केलं, नाव 'घर', त्याला एक पासवर्ड. माडीवरून कोणीही येताना याच नावानं यायचं. म्हणजे कोणाचा खाजगी पासवर्ड कोणाला सांगायला नको. तरीही एक खोडा निघालाच. माझ्या लॅपटॉपनं आधीचं चुकीचं नाव-पासवर्ड जपून ठेवलं होतं आणि तेच पुन्हा पुन्हा पाठवत होता. 'क्रेडेन्शियल मॅनेजर' नावाच्या ठिकाणी जाऊन ते काढून टाकलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि मग 'घर' उघडलं.

आत फोटोंचा फोल्डर उघडला. लग्नाचे व्हिडिओ उघडले. 'आजीच्या वह्या' हा फोल्डर मात्र नुसता दिसत होता. क्लिक केलं की परवानगी नाही असा निरोप. सगळं घर उघडं आणि एका कपाटाला कुलूप.

हे कुलूप मला नीट समजून घ्यायला बुधवारची सगळी दुपार गेली. तुमच्यासाठी थोडक्यात सांगते. शेअर केलेल्या फोल्डरला दोन परवानग्या असतात. एक 'शेअरिंग'च्या पानावरची. ती बाहेरच्या दाराची कडी समजा, नेटवर्कवरून येणाऱ्यालाच ती लागू. दुसरी 'सिक्युरिटी'च्या पानावरची. ती कपाटाची किल्ली, समोर बसून उघडणाऱ्यालाही ती लागतेच. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही पार कराव्या लागतात, आणि दोन्हींत जी जास्त कडक तीच चालते. दारावर 'या या' लिहिलंय, पण कपाटाच्या यादीत तुमचं नाव नाही, तर दारातून आत येऊन कपाटासमोर नुसतं उभं राहायचं.

मग बाकीच्या कपाटांना किल्ली होती आणि वह्यांनाच का नव्हती? लेकीनं वह्या स्कॅन केल्या त्या तिच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये. तिथून त्या तिनं कट करून 'घर'मध्ये पेस्ट केल्या. एखादी गोष्ट कॉपी केली की ती नव्या जागेचे नियम घेते. पण त्याच ड्राइव्हवर नुसती हलवली, तर जुने नियम अंगावर घेऊनच येते. म्हणून वह्या आल्या 'घर'मध्ये, पण यादीत नाव राहिलं फक्त लेकीचं आणि ॲडमिनिस्ट्रेटरचं.

भाचा म्हणाला, "मामी, सिक्युरिटीमध्ये 'एव्हरीवन' टाका आणि 'फुल कंट्रोल'वर टिक करा. कटकट संपली." मी ठाम नाही म्हणाले. फुल कंट्रोल म्हणजे वाचणं, बदलणं, पुसणं, सगळं. माडीवरून नेटवर्कवरची फाइल पुसली तर ती रिसायकल बिनमध्येही जात नाही, थेट गेली. सासूबाईंची आयुष्यभराची वही, आणि आमच्याकडं सुट्टीत येणारी भाचवंडं! मी त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्याच्या वस्तूला किती जपावं याची माझी मलाच कौतुकाची थाप मिळाली.

हे सगळं बुधवारी दुपारी चारला. त्यानंतर अर्ध्या तासात मी काय केलं ते आता सांगते.

पर्व तोंडावर होतं. घर धुऊन घ्यायचं, दळण करायचं, दहा दिवस हिरवी भाजी नाही म्हणून कडधान्यं निवडून ठेवायची, सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची. मला धीर नव्हता. म्हटलं, खाली जाऊनच काढूया. सोप्यात आले, माझ्या लॉगिननं 'आजीच्या वह्या' उघडायला गेले, तर पडद्यावर एक चौकट आली. या फोल्डरची परवानगी सध्या तुम्हाला नाही, कायमची परवानगी हवी असेल तर 'कंटिन्यू' दाबा. मी ॲडमिनिस्ट्रेटर होते ना. दाबलं. उघडलं.

आत वह्या दोनच. तिसरी, मला हवी असलेली, नव्हती. लेकीनं ती हलवायचीच राहिली होती. म्हणजे ती तिच्या लॉगिनच्या फोल्डरमध्ये असणार.

तिच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं. परत तीच चौकट, तेच वाक्य, तेच बटण.

मैत्रिणींनो, त्या दोन चौकटी दिसायला सारख्या होत्या. पण पहिली सगळ्यांच्या कपाटाची होती, दुसरी माझ्या चोवीस वर्षांच्या लेकीच्या खोलीची. रात्री एक फोन केला असता तर ती म्हणाली असती, हो आई, डॉक्युमेंट्समध्ये आहे, घे. किंवा म्हणाली असती, थांब, मी काढून देते. मला दोन-तीन तास थांबायचं होतं. मी कंटिन्यू दाबलं. हिरवी पट्टी हळूहळू सरकत राहिली. तेवढ्या वेळातही हात मागं घेता आला असता.

तिसरी वही मिळाली. तिच्या शेजारी एक फोल्डर होता. नाव होतं 'माझं'.

वही मिळाल्यावर काम संपलं होतं. तरी मी तो उघडला. आतलं सगळं इथं लिहिणार नाही, कारण ते मला दिलेलं नव्हतं. लेकीनं जेवढं लिहायला हो म्हटलंय तेवढंच लिहिते. तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती. तिथल्या खोल्यांच्या भाड्याची यादी होती. आणि आम्हा दोघांना लिहिलेलं एक पत्र होतं, तीनदा सुरू केलेलं, एकदाही पूर्ण न झालेलं. ते मी तिन्ही वेळा वाचलं.

मग वही पेनड्राइव्हवर घेतली आणि माडीवर जाऊन छापली. पेनड्राइव्ह सोमवारीही ड्रॉवरमध्येच होता.

गुरुवारी रात्री तिचा फोन आला. मी काही बोलणार नव्हते, पण मनात असलेलं जिभेवर येतंच. "आजकाल पोरी भाड्याच्या खोलीत राहतात, आठ-आठ हजार देतात, घरचं पाणी गाळून प्यायची सवय मोडते," असं काहीतरी मी बोलून गेले. पलीकडं ती गप्प झाली.

शुक्रवारी उत्तम क्षमा, शनिवारी उत्तम मार्दव. माझी पानं बस्तीत हातोहात गेली. सासूबाई आपलं अक्षर दहा जणींच्या हातात बघून डोळे पुसत होत्या. कौतुक होत होतं आणि मला ते घेता येत नव्हतं.

रविवारी उत्तम आर्जव. आर्जव म्हणजे सरळपणा, मनात एक आणि बोलण्यात एक असं नसणं. प्रवचन ऐकून दुपारी घरी आले तर लेक आलेली. सोप्यात डेस्कटॉपसमोर बसून ती 'आजीच्या वह्या' दुरुस्त करत होती. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'ॲडव्हान्स्ड', आणि वरच्या 'घर' फोल्डरचे नियम खाली लागू करायचे. दोन मिनिटांचं काम. मी सोमवारपासून ज्यासाठी धडपडत होते ते.

"आई, यादीत तुझं नाव आलंय. तू इथं कंटिन्यू दाबलंस ना?"

"हो, वह्या काढायच्या होत्या."

तिनं मग तिचा स्वतःचा फोल्डर बघितला. त्या चौकटीत 'कायमची' असं लिहिलेलं असतं, आणि ते खरं असतं. बटण दाबलं की आपलं नाव त्या फोल्डरच्या यादीत लिहिलं जातं आणि आतल्या सगळ्याला लागू होतं. फोल्डर बंद केला तरी नाव तिथंच राहतं. तिनं पडद्याकडं बघतच विचारलं, "माझ्या फोल्डरमध्ये पण गेली होतीस?"

"तिसरी वही तिथं होती."

"आणखी काही बघितलंस?"

"नाही गं. दुसरं काय बघणार मी?"

उत्तम आर्जवच्या दिवशी, बस्तीतून आल्यावर, अंगावरची पूजेची साडीही बदलली नव्हती.

तिनं "बरं" म्हटलं आणि उठून वर गेली.

तुम्हाला माहीत आहे, दशलक्षणात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय घेतात. दहा दिवस, दहा अध्याय. सातवा अध्याय व्रतांचा. तो गुरुवारी आला. पंडितजी अचौर्यावर बोलत होते. चोरी म्हणजे काय, तर जे दिलेलं नाही ते घेणं. अदत्तादान. मी हा शब्द लहानपणापासून ऐकत आले. चोरी म्हटलं की डोळ्यांसमोर दागिना येतो, पैसा येतो, आणि आपण निश्चिंत होतो, कारण आपण दागिना चोरत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा शब्दाची फोड कानात शिरली. दार उघडं होतं का, कुलूप होतं का, माझ्याजवळ किल्ली होती का, यातलं काहीच तिथं विचारलेलं नाही. एवढंच विचारलंय की दिलं होतं का?

आपले मुनिमहाराज आहाराला निघतात तेव्हा काय करतात? कोणाच्या दारात मागत नाहीत. श्रावक पडगाहन करतो, आदरानं आत बोलावतो, पाटावर उभं करतो, हातात घास देतो, तेव्हा घेतात. स्वयंपाक त्या घरात तयार असतो, दार उघडं असतं, तरीही. आपणही बस्तीत पाऊल टाकताना 'निःसही' म्हणतो. आत आधीपासून जे कोणी असतील त्यांची परवानगी घेऊन मगच आत जायचं. रोज तीनदा म्हणते मी. आणि लेकीच्या दारात एकदाही म्हटलं नाही.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे घरातला असा माणूस, की ज्याला कॉम्प्युटर अडवू शकत नाही. आई पण तशीच असते. मुलांची पत्रं, कपाटं, मोबाइल, आपल्याला कोण अडवणार? ती लहान असतात तेव्हा काळजीनं हे सगळं करावंच लागतं. पण परवानगीच्या यादीतून आपलं नाव कधी काढायचं ते कोणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

अनंत चतुर्दशी झाली. मंगळवारी क्षमावाणी. बस्तीत सगळ्यांनी एकमेकांना हात जोडले. मोबाइलवर फुलांचे, दिव्यांचे निरोप शेकड्यांनी आले, मीही तेवढेच पाठवले. कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा. हात जोडताना मला जाणवलं की ह्या 'कळत-नकळत'च्या आडोशाला किती सोयीचं असतं. माझं नकळत काहीच नव्हतं. तारीख, वेळ, फोल्डरचं नाव, सगळं मला माहीत होतं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती माडीच्या जिन्यावर बसली होती. मी खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी तुझं 'माझं' उघडलं होतं. पत्रही वाचलं. आणि रविवारी तुझ्याशी खोटं बोलले. तिन्हींची क्षमा माग म्हणून मला कोणी सांगितलं नाही, मी मागते आहे."

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मला माहीत होतं. भाड्याचा आकडा मी कोणालाच सांगितला नव्हता, आई."

माझी मान खाली गेली.

"ते पत्र पूर्ण करून मी स्वतः तुमच्या हातात देणार होते. तेवढं राहिलं आता. लगेच माफ केलं असं मी म्हणत नाही. पण तू सांगितलंस, ते बरं केलंस."

उत्तम क्षमा असं उत्तर तिनं दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. क्षमा हीसुद्धा दिली तरच आपली. ओढून घेतली तर तेही अदत्तादानच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डेस्कटॉपसमोर बसलो. तिच्या फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'एडिट'. यादीतलं माझं नाव मी माझ्या हातानं निवडलं आणि 'रिमूव्ह' दाबलं. हिरवी पट्टी परत सरकली. तेवढ्यानं सगळं पुसलं असं नाही. वाचलेलं विसरता येत नाही. पण नाव निघालं.

पुढच्या रविवारी तिनं ह्यांना आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. ह्यांनी चार प्रश्न विचारले. मी एकही विचारला नाही. दिवाळीनंतर ती जाईल. सासूबाईंनी तिला पाणी गाळायचा नवा गरणा आतापासून शिवून ठेवलाय.

आता ज्यांच्या घरी दोन कॉम्प्युटर आहेत त्यांच्यासाठी, आमच्याकडं सध्या काय पद्धत आहे ते लिहिते.

1. दोन्ही कॉम्प्युटर घरच्या एकाच वायफायवर. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, ते पाहुण्यांनाच. घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट'. बाहेर लॅपटॉप नेला तर तिथलं नेटवर्क 'पब्लिक'च राहू द्यायचं.

2. शेअरिंगसाठी 'घर' हे एक वेगळं साधं लॉगिन, त्याला पासवर्ड. पिन चालत नाही, आणि पासवर्ड रिकामा ठेवलेलाही चालत नाही. पासवर्ड बरोबर असूनही नकार आला, तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुनं काही साठलंय का बघा.

3. दिसतंय पण उघडत नाही, असं झालं तर 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' ही दोन्ही पानं बघा. एकच बदलून भागत नाही.

4. 'घर'मध्ये काही टाकायचं तर कट नको, कॉपी करा. उघडतंय याची खात्री झाली की मग मूळ जागेवरचं पुसा.

5. 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊ नका. वह्या आणि फोटो यांना 'घर' लॉगिनला नुसतं 'रीड'. ज्यात सगळ्यांनी लिहायचंय, वाणसामानाची यादी वगैरे, तेवढ्या फोल्डरलाच बदलायची परवानगी. आणि वह्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून तिजोरीत.

6. माझं रोजचं लॉगिन आता साधं आहे. ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं केलंय, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, तिजोरीत, वह्यांच्या पेनड्राइव्हशेजारी. आता ती चौकट आली की पासवर्ड मागते. जिना चढून तिजोरी उघडेपर्यंत विचार करायला वेळ मिळतो, आणि फोन करायलाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी आधी लेकीला दिला. तिनं दोन वाक्यं खोडली, एका ठिकाणी "हे राहू दे" असं लिहिलं, आणि मग हो म्हणाली. खोडलेली वाक्यं चांगली होती, पण ती काढली.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.